लिमयेबाई आणि उजवीकडचा बुश

लिमयेबाईंशी बोलताना 'साधारण' हा शब्द वापरायचा नाही, हे आमच्या नाचणे रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. नवखा रिक्षावाला "साधारण दहा मिनिटांत पोचवतो" म्हणाला की बाई पाय आत ठेवण्याआधीच विचारायच्या, "साधारण म्हणजे नऊ की अकरा?" कोळीण "बांगडं ताजं हायत" म्हणाली की विचारायच्या, "किती वाजता बोट लागली?" बाई स्वतः मासे खात नसत. कोळीण आमच्या दारात उभी असे आणि प्रश्न कुंपणापलीकडून येई. बाईंच्या मते प्रश्न विचारायला घेणाराच असायला हवा असं काही नव्हतं.

बाईंनी रत्नागिरीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. गावातले निम्मे डॉक्टर, वकील, पोलीस आणि फळवाले त्यांच्या हाताखालून गेले होते. माझी बायको विद्याही त्यांचीच विद्यार्थिनी. मी मात्र सावंतवाडीकडचा, बँकेच्या बदलीमुळे इथे आलो आणि त्यांच्या शेजारी राहायला लागलो. त्यामुळे बाईंच्या दृष्टीने माझा पाया कच्चा होता आणि तो पक्का करायची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली होती. "उत्तराला एकच मार्क, सावंत. बाकीचे चार पायऱ्यांना," असं त्या मला कशावरूनही ऐकवायच्या. कुंपणाच्या तारेवरूनसुद्धा.

बाई उंच, सडपातळ, पाठ फळ्यासारखी सरळ. लग्न केलं नव्हतं. कुणी भोचकपणे कारण विचारलंच, तर म्हणायच्या, "गरज सिद्ध झाली नाही." मोबाईल होता, पण त्यावर त्या फक्त फोन घेत. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॅप गटात त्यांना एकदा कुणीतरी घातलं होतं. तिथे दुसऱ्याच दिवशी आंबे, केळी आणि अननसांच्या चित्रांचं एक कोडं आलं आणि चाळीस शिक्षकांनी त्याचं चुकीचं उत्तर अंगठे दाखवून मान्य केलं. बाईंनी बरोबर उत्तर पायऱ्यांसकट लिहिलं, खाली 'हे वाचून गट सोडत आहे' असं लिहिलं आणि गट सोडला.

आणि त्यांची गाडी. दुधाळ रंगाची अँबॅसिडर, आमच्या घरापेक्षा वयाने मोठी. गावात तिला 'बाईंची म्हैस' म्हणत. अर्थात बाईंच्या पाठीमागे. बाई ती ताशी चाळीसच्या वर नेत नसत आणि प्रत्येक वळणाला खिडकीतून हात काढून, पूर्ण लांब करून इशारा देत. मागे दहा-बारा गाड्यांची रांग लागे, पण हॉर्न कुणी वाजवत नसे, कारण रांगेतले सातजण तरी त्यांचेच विद्यार्थी असत.

म्हैस निम्मीच बाईंची होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. उरलेली निम्मी हलीमा मुकादम यांची. हलीमाबाई हर्णेच्या. त्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि बोर्डिंगजवळ खोली घेऊन राहायच्या. दोघी तिशीत असताना त्यांनी मिळून ही जुनी गाडी घेतली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस कुणाला चहा गोड लागला नव्हता. दोन एकट्या बायका, त्यातली एक लिमये, एक मुकादम, आणि दोघींत मिळून एक मोटार! चालवायला बाई शिकल्या. हलीमाबाई शेजारी बसत. सुट्टीत दोघी विजयदुर्गापासून श्रीवर्धनपर्यंत सगळा किनारा फिरल्या. विद्या सांगते, सोमवारी विज्ञानाच्या तासाला खेकड्याचं कवच यायचं आणि गणिताच्या तासाला, किती लिटर पेट्रोलमध्ये किती अंतर, हे उदाहरण.

मग दोघींचं बिनसलं. कशावरून, तर आवाजावरून.

लांज्यातल्या एका लग्नाहून परतत होत्या. मागच्या सीटवर शाळेतल्या आणखी दोघी होत्या. गाडीतून खड्ड्याखड्ड्याला 'कुईं-टक, कुईं-टक' असा आवाज येत होता. हलीमाबाई म्हणाल्या, "सुमन, उजवीकडून येतोय. मागून. पाट्याचा बुश गेलाय." त्यांचा भाऊ हर्णेला मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, लहानपणापासून कान तयार होता. बाई म्हणाल्या, डिकीतला जॅक हलतोय. हलीमाबाई म्हणाल्या, जॅक असा आवाज करत नाही. बाई म्हणाल्या, "सिद्ध कर." हलीमाबाई म्हणाल्या, "कानाला ऐकू येतंय ते सिद्ध काय करायचं गो?" आणि तेव्हा, मागच्या दोघींच्या देखत, बाई बोलून गेल्या, "तुला गाडीतलं काय कळतं? तू तर नुसती बसतेस."

हलीमाबाईंनी पालीला गाडी थांबवायला सांगितली, उतरल्या आणि एसटीने रत्नागिरीला आल्या. त्याच मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि हर्णेला निघून गेल्या. त्यानंतर अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

बाईंनी जॅक जुन्या लुगड्यात गुंडाळून डिकीत बांधून ठेवला होता. पाने, पंप, पाण्याचा कॅन, सगळं वेगवेगळ्या लुगड्यांत. डिकी उघडली की बाळंतिणीची खोली उघडल्यासारखं वाटे. 'कुईं-टक' मात्र येतच राहिलं. मी एकदा नवखेपणाने विचारलं, "बाई, हा आवाज कसला?" बाई समोर बघत म्हणाल्या, "कुठला आवाज?"

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, विद्याच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या गटात निरोप आला. हलीमाबाई महिनाअखेर मस्कतला भाच्याकडे राहायला चालल्या होत्या. गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू होता, हर्णेला एकट्या राहणं जमत नव्हतं. घर बंद होणार होतं. विद्याने कुंपणाजवळ जाऊन बाईंना सांगितलं. बाई जास्वंदीला पाणी घालत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि पाणी घालत राहिल्या. पाणी कुंडीतून वाहून पायरीवर आलं तरी घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हाक आली, "सावंत, या इकडे. हात मोकळे आहेत का?"

शेडमध्ये संजू सुर्वे उभा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एमआयडीसीत स्वतःचं गॅरेज असलेला माणूस, पण बाईंसमोर हात पाठीमागे बांधून. त्याला दहावीला गणितात पस्तीस पडले होते आणि ते बाईंनी कसे पाडून घेतले, हे त्या दोघांनाच माहीत होतं.

"बाई, पाटे काढून देतो मी," तो म्हणाला. "पण बुश निघायचे नायत. आपली खारी हवा. लोखंडाला लोखंड धरून बसलंय. गॅस लावून रबर जाळूया, मग कवच करवतीने कापून काढतो. अर्ध्या तासाचं काम."

"जाळायचं नाही. कापायचंही नाही."

"मग कसा निघणार तो?"

"अख्खा."

"अख्खा बुश घेऊन काय करायचंय, बाई? तो टाकायचाच हाय ना?"

"संजू, तो पुरावा आहे," बाई म्हणाल्या. "पुरावा जाळून तू मला उत्तर सांगणार? दोन्ही बाजूंचे काढायचे. डावा आणि उजवा. मग बघू कोण बरोबर."

संजूने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने मुकाट्याने गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवली, मागचे दोन्ही पाटे सोडवले, बाईंच्या पडवीत आणून ठेवले आणि "नवीन बुश बसवायला बोलवा" म्हणून सटकला.

बुश म्हणजे काय हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बाईंनी खडूने फरशीवर आकृती काढून समजावलं. पाट्याच्या, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, टोकाला लोखंडाची गोल वळी असते. त्या वळीत एक जाड रबर दाबून बसवलेलं असतं, बाहेरून लोखंडी कवच आणि आतून एक नळी. नळीतून बोल्ट जातो. रस्त्याचा प्रत्येक धक्का ते रबर गिळतं. रबर खचलं की लोखंड लोखंडाला लागतं आणि बोलायला लागतं. "सगळे धक्के एकट्याने सोसायचे आणि दिसायचं मात्र कुणाला नाही," बाई म्हणाल्या आणि खडू खाली ठेवला. मग घाईघाईने म्हणाल्या, "व्यास मोजा."

त्यांची युक्ती साधी होती. बुशाच्या नळीतून एक आटेवाला लांब रॉड घालायचा. एका बाजूला कवचाएवढ्याच व्यासाची जाड चकती, दुसऱ्या बाजूला कवचाहून मोठा पाइपचा तुकडा, दोन्हीकडे नट. नट आवळत गेलं की चकती बुशाला ढकलणार आणि बुश सरकून पाइपात येणार. हातोडा नाही, आग नाही. चकतीचं चित्र बाईंनी आलेखाच्या कागदावर तिन्ही बाजूंनी काढलं, मापं मिलिमीटरच्या दशांशापर्यंत लिहिली आणि मला लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "काय रॉकेट सोडताय काय?" म्हणाला. खालची सही बघितल्यावर मात्र त्याने चष्मा पुसला आणि काम हातात घेतलं. तोही बाईंचाच विद्यार्थी, पंच्याऐंशीच्या तुकडीतला निघाला.

काम करताना बाई साडीवर वडिलांचा जुना खाकी शर्ट चढवत आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडत. त्यांचं वय तेव्हा एकोणसत्तर. पाना त्या धरत, मी विरुद्ध बाजूचा नट धरून ठेवी. दर पाव फेऱ्याला त्या थांबत, कवच किती सरकलं ते मोजत आणि वहीत लिहीत. मी म्हटलं, "बाई, सलग आवळलं तर लवकर होईल." त्या म्हणाल्या, "हो, आणि वाकडं झालं तर कुठल्या पायरीला झालं ते तुम्ही सांगाल?"

डावीकडचा बुश पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत निघाला. रबर घट्ट, नळी अगदी मध्यावर. बाईंनी तो उन्हात धरून सगळीकडून पाहिला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता पेढे वाटणार. "बघा, काहीही झालेलं नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, हा डावा आहे. हलीमाबाई उजवा म्हणाल्या होत्या. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला दहावीत पस्तीस पडल्याची भावना झाली.

उजवा निघेना.

पहिल्या दिवशी तो तसूभरही हलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यावर तेल सोडलं आणि वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी रॉडचे आटे झिजले. चौथ्या दिवशी चांगल्या पोलादाचा रॉड शोधत मी मिरकरवाड्यापर्यंत हिंडलो. सहाव्या दिवशी संजू डोकावला. "अजून वेळ गेली नाय, बाई, गॅस आणू?" म्हणाला आणि बाईंनी त्याला नुसतं "संजय" म्हटल्यावर निघून गेला. हलीमाबाईंच्या विमानाला आता थोडेच दिवस उरले होते. मी म्हटलं, "बाई, एसटीने जा. मी सोडतो. भेट महत्त्वाची की बुश?"

बाई पायरीवर बसल्या. हात काळे, कपाळाला वंगणाचं बोट लागलेलं. पहिल्यांदाच त्यांची पाठ किंचित वाकलेली दिसली.

"जाऊन काय बोलू, सावंत?" त्या म्हणाल्या. "चुकले म्हणू? कशात चुकले ते मला अजून ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना म्हटलं, तर ती ओळखेल. ती ऐकून ओळखते."

नवव्या दिवशी सकाळी आम्ही चहाच्या पातेल्यात पाणी उकळून वळीवर ओतलं. लोखंड तापलं की जरा तरी फुगेल, असा हिशेब. पुन्हा ओतलं. पाना आवळला. तो हलेना, म्हणून मी माझा हात बाईंच्या हातावर ठेवला. पाव फेरा झाला आणि आतून 'टण्ण' असा आवाज आला. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली इतका मोठा. बुश एका झटक्यात दोन सूत सरकला आणि मग निमूटपणे पाइपात उतरला.

बाईंनी तो तळहातावर घेतला. एका बाजूचं रबर पार फाटून गेलं होतं. नळी मध्यावरून सरकून कडेला टेकलेली, आणि तिने कवचाला आतून घासून चकचकीत खाच पाडली होती. अकरा वर्षांची, हळूहळू पडलेली खाच. मोजायला व्हर्निअर लागणारच नव्हतं. तरी बाईंनी मोजली आणि आकडा वहीत लिहिला. त्याखाली दोन रेघा मारल्या.

"हलीमा बरोबर होती," त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

संजूने त्याच दिवशी दोन्ही बाजूंना नवीन बुश बसवून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना बाईंनी मला सोबत घेतलं, कारण वाटेत चाक बदलायची वेळ आली तर 'हातांची दुसरी जोडी' हवी. जयगडला गाडी फेरीबोटीत चढली, गुहागर ओलांडून दाभोळच्या दुसऱ्या बोटीत चढली. बोटीवरची माणसं म्हशीचे फोटो काढत होती. बाई स्टिअरिंगवरचे हात न काढता बसून होत्या, जणू बोटही त्याच चालवत होत्या. सगळ्या रस्त्यात गाडीने अवाक्षर काढलं नाही. बाईंनीही नाही.

हर्णेला मुकादमांचं घर बाजारापलीकडे, चढावर. पडवीत बांधलेल्या बॅगा होत्या. आरामखुर्चीत एक ठेंगणी, गोरी बाई डोक्यावर ओढणी घेऊन बसली होती. डोळ्यांवर जाड काचा, बाजूला काठी. गाडी अंगणात येऊन थांबली. आम्ही उतरायच्या आत त्या मोठ्याने म्हणाल्या,

"आवाज गेला."

नमस्कार नाही, या-बसा नाही. बाई पायऱ्या चढल्या, पर्समधून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि हलीमाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"उजवीकडचा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता, पण जरा चिरलेला. "मागचा. तू म्हणाली होतीस तोच."

हलीमाबाईंनी बुश डोळ्यांजवळ नेला. दिसेना, तसं बोट आत घातलं. खाच सापडली तिथे बोट थांबलं. मागे-पुढे फिरलं.

"एक बुश काढायला अकरा वर्षं लागली गो तुला?"

"नऊ दिवस."

"आणि बाकीची?"

बाईंनी पर्स बंद केली.

"बुशाचं जाऊ दे," हलीमाबाई म्हणाल्या. "बुश काय, रबर आहे, आज ना उद्या जायचंच. दुसरं बोललीस, त्याचं काय?"

बाई उभ्याच होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ते चुकलं. त्याला काही काढून बघायला लागलं नाही. ते पालीलाच कळलं होतं."

"मग आली का नाहीस?"

"लाज वाटली."

हलीमाबाईंनी डबा बंद केला आणि मांडीवरच ठेवला. मग घरात हाक मारून भाचसुनेला सांगितलं, "सुमनला चहा बिनसाखरेचा. आणि ह्या माणसाला विचारा, तो कोण आहे."

रात्री आम्ही तिथेच राहिलो. माझी रजा संपत आली होती, सोमवारी बँकेत हजर व्हायचं होतं, म्हणून मी सकाळी निघालो. बाई म्हणाल्या, त्या चार दिवस राहणार. हलीमाला आंजर्ल्याच्या कड्यावरून समुद्र बघायचाय, डोळ्यांना दिसतोय तोवर. "तुम्ही एसटीने जा, सावंत. साधारण साडेदहाला आहे." मी 'साधारण' ऐकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

हलीमाबाई पुढच्या आठवड्यात मस्कतला गेल्या. त्यानंतर दर रविवारी दोघींचं फोनवर भांडण होई आणि ते आम्हाला कुंपणापलीकडून अर्धं ऐकू येई. गेल्या वर्षी बाई गेल्या, झोपेतच. विद्यानेच मस्कतला फोन लावून हलीमाबाईंना सांगितलं.

पण बाई म्हटलं की मला दिसतो तो हर्णेचा रस्ता. मी एसटीत खिडकीशी बसलो होतो. बस सुटून पहिल्याच वळणावर थांबली, म्हणून डोकं बाहेर काढून पाहिलं. मुकादमांच्या घराची गल्ली तिथे मुख्य रस्त्याला मिळते. गल्ली अरुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेल्या सुकटीची चटई. गल्लीत वळवायला जागा नव्हती, म्हणून म्हैस उलटी बाहेर येत होती. रस्त्याच्या मधोमध हलीमाबाई काठी टेकून उभ्या होत्या. एक हात आमच्या बसकडे करून त्यांनी ड्रायव्हरला अडवून धरलं होतं, दुसरा हात गाडीकडे.

"ये, ये... थोडी डावी घे... ये गो, ये..."

ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढून घेतला. माझ्या सीटवरून मला बाईंचा चेहरा गाडीच्या आरशात दिसत होता. त्या समोर, मुकादमांच्या घराच्या भिंतीकडे बघत होत्या आणि नुसतं ऐकत होत्या. गटारापासून चाक वीतभर राहिलं, तरी बाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.